मागील सभेचे इतिवृत्त

विषय क्रमांक एक नेहमी तोच :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
सत्तावीस वर्षं मी वाचलं, त्यांनी कायम केलं,
बहुतेकदा न ऐकताच,
कारण आत कॉफी गरम असायची
आणि बाहेर उणे तीस.

मॅनिटोबाच्या नकाशावर नखाएवढी जागा,
व्हेटस्टोन ग्रामीण पालिका.
सहा सदस्य, एक अध्यक्ष, एक ग्रेडर,
ग्रेडरवर ओरेस्ट,
आणि टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर, मी.
गहू मोजायचा तर आम्ही मोठे.
माणसं मोजली तर सहाशे अकरा.

विनिपेगहून पत्र आलं :
हजाराच्या आत असाल तर शेजाऱ्यांत मिसळा.
एक जानेवारीपासून.
उत्तर मीच टाइप केलं.
'आपला नम्र'च्या खाली अध्यक्षांनी
पेन टेकवलं, उचललं,
खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे पाहिलं,
पुन्हा टेकवलं.

दप्तर खोक्यांत भरताना
चौतीस सालची वही निघाली.
पीक खाणाऱ्या खारी मारा, शेपटीमागे एक सेंट.
एका पोरानं एकशे बारा शेपट्या आणलेल्या,
मेट्रो हावरिश, वय नऊ,
सहीच्या जागी अंगठा, शाईपेक्षा मातीचाच जास्त.

हाच मेट्रो पुढे चौथ्या विभागाचा सदस्य.
दर खर्चाला त्याचा विरोध नोंदवून नोंदवून
माझी बोटं ते वाक्य आपोआप टाइप करायची.
टेकडीवरच्या दफनभूमीचा रस्ता
हिवाळ्यात साफ करावा, असा विषय आला,
तेव्हा म्हणाला,
मेलेल्यांना थंडीत कुठं जायचं असतं?
ठराव फेटाळला. सगळे हसले.
हसणं इतिवृत्तात घेत नाहीत.

शहाण्णवच्या जानेवारीत
त्याला त्याच रस्त्यानं न्यायचं होतं.
नेता आलं नाही.
एप्रिलपर्यंत तो गावातल्या शेडमध्ये थांबला,
बर्फ वितळायची वाट बघत.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात ओलेना हावरिशचं पत्र.
निळी शाई, दोन ओळी, रस्ता साफ करावा.
दर नोव्हेंबरात मी लिहायचे :
पुढील सभेत विचारार्थ.
अठरा पत्रं. अठरा पुढच्या सभा.

शेवटच्या सभेला सगळे हजर.
असं कधी झालं नव्हतं.
बारा नंबरच्या रस्त्याखालची मोरी, मंजूर.
ग्रेडर नव्या पालिकेकडे वर्ग, मंजूर.
भिंतीवरच्या घड्याळाचं काय करायचं यावर वीस मिनिटं.
मग, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
गुडरुन आइनार्सन, सगळ्यांत धाकटी,
तीन वर्षांत एकदाही न बोललेली,
तिनं हात वर केला.

मी म्हटलं, हा ठराव नव्या पालिकेवर बंधनकारक नाही.
अध्यक्ष म्हणाले, तेही लिहा.
सूचक : गुडरुन आइनार्सन.
अनुमोदक : पाच आवाज एकदम.
एकच नाव घेता येतं, मी म्हटलं.
कुणी माघार घेईना.
शेवटी मी पाचही लिहिली,
नियमाबाहेर, पहिल्यांदाच.

ओरेस्टनं ग्रेडर त्याच रात्री काढला,
परत द्यायच्या आधी नऊ दिवस.
मी घरी जाताना टेकडीवर पिवळा दिवा फिरत होता,
वर जायचा, वळायचा, खाली यायचा.
सकाळी डिझेलची नोंद : एकोणीस लिटर,
कारण : ठराव.

ओलेना गेली की नाही, ठाऊक नाही.
शहाऐंशी वर्षांची बाई, कुणाच्या गाडीनं गेली असेल.
मी विचारलं नाही.

नव्या पालिकेची पहिली सभा झाली.
त्यांचं इतिवृत्त त्यांच्यापासून सुरू.
आमचं शेवटचं वाचायला
कुणाच्याच विषयपत्रिकेवर जागा नाही.
पाच पानं, सहीसकट,
कायम न झालेली.

प्रत माझ्या स्वयंपाकघरात आहे,
चमच्यांच्या खणात.
कधी सकाळी कॉफी ओतली की काढते,
मोठ्यानं वाचते.
ऐकायला नवरा आणि कुत्रा.
गणपूर्ती होत नाही.